पोटाचं दुखणं, महारोहिणीचा दाह : प्रस्तावना

महारोहिणीच्या दाहावरचं कोणतंही जाडजूड पाठ्यपुस्तक उघडा. डोळे, मेंदू, हृदय, मूत्रपिंड, हात यांना त्यात पानंच्या पानं मिळालेली दिसतात आणि पचनसंस्थेच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो. पोटविकारांचं पुस्तक घ्यावं, तर तिथे महारोहिणीची बोळवण तळटीपेत केलेली असते. या दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत काही रुग्ण वर्षानुवर्षं अडकून पडतात. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांना सर्वांत आधी तपासणाऱ्या फॅमिली डॉक्टरांसाठीही. आजार दुर्मीळ आहे, हे आधीच सांगून टाकतो. पोट दुखतं म्हणून दवाखान्यात येणाऱ्या बहुतेकांना तो नसतो, आणि पुस्तक वाचून प्रत्येक पित्तवाल्याने सीटी स्कॅनची चिठ्ठी मागावी असा माझा मुळीच हेतू नाही. पण ज्यांना तो असतो, त्यांच्या फायलीत ॲसिडिटी, गॅस, आमांश, टेन्शन, टीबी असे शिक्के एकावर एक पडलेले असतात, आणि दोन्ही मनगटांची नाडी एकत्र कुणी पाहिलेली नसते. तेवढ्या साध्या गोष्टीसाठी एक आख्खं पुस्तक लिहावं लागावं, हे काही आपल्या वैद्यकाला भूषणावह नाही.

हृदयातून निघणारी ही मोठी वाहिनी, डॉक्टरांच्या बोलण्यातला एओर्टा, छातीतून खाली उतरते, श्वासपटल ओलांडून पोटात शिरते आणि बेंबीच्या पातळीच्या आसपास दोन पायांसाठी दुभंगते. पोटात तिची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते. तिथे तिच्या पुढच्या अंगातून पचनसंस्थेसाठी तीन रोहिण्या फुटतात. पहिली सीलिॲक, ती जठर, यकृत, प्लीहा आणि स्वादुपिंड यांना पुरते. तिच्या जेमतेम सेंटिमीटरभर खाली सुपीरियर मेसेंटेरिक. जवळजवळ सगळं लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा उजवा व आडवा भाग हिच्या जिवावर जगतो. तिसरी, बरीच खाली आणि अंगाने बारीक, इन्फीरियर मेसेंटेरिक. मोठ्या आतड्याची डावी बाजू तिच्याकडे. आपण स्वस्थ बसलेलो असताना हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं, त्याचा पाचवा ते चौथा हिस्सा पचनसंस्थेकडे जातो. जेवण झालं की मागणी वाढते आणि मधल्या रोहिणीतला प्रवाह दुपटीच्या पुढे जाऊ शकतो. पुढचं सगळं रामायण या एका आकड्याभोवती फिरणार आहे.

दाह झाला की महारोहिणीची भिंत जाड होते. बहुतेक प्रकारांत तो बाहेरच्या थरापासून आत सरकतो. आतलं अस्तर फुगतं, मग तिथे वण धरतो, आणि त्या जाड भिंतीतून निघणाऱ्या फांद्यांची तोंडं आवळली जातात. फांदी स्वतः पुढे बऱ्याचदा निरोगी असते, उगमाशीच काय तो खोळंबा होतो. सर्जनच्या दृष्टीने ही चांगली बातमी, कारण अडथळ्याच्या पलीकडे नवी वाट जोडायला जागा मिळते.

इतकं होऊनही आतडं बराच काळ तक्रार करत नाही. या तिन्ही रोहिण्या एकमेकींना धरून असतात. स्वादुपिंडाच्या डोक्याभोवतीच्या बारीक वाहिन्यांच्या कमानी पहिलीला दुसरीशी जोडतात, आणि मोठ्या आतड्याच्या कडेने धावणारी वाहिनी दुसरीला तिसरीशी. एक आवळत गेली की उरलेल्या दोघी हळूहळू रुंद होऊन तिचा भार उचलतात. आजार महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी पुढे सरकत असल्यामुळे या पर्यायी वाटांना वाढायला सवड मिळते. म्हणून स्कॅनवर मेसेंटेरिक रोहिणी अर्धीअधिक बंद दिसते आणि रुग्ण मात्र दोन वेळचं जेवण व्यवस्थित जेवतो, असं चित्र नवलाचं नाही. साधारणपणे तिघींपैकी दोघी चांगल्याच आवळल्या गेल्या, की मग पोट बोलायला लागतं. ते उशिरा बोलतं, आणि हेच या पुस्तकाचं मुख्य सांगणं आहे. पोटाची तक्रार ही या आजाराची सुरुवात क्वचितच असते. ती आली तेव्हा महारोहिणीत बरंच काही घडून गेलेलं असतं, आणि पूर्वीच्या खुणा शरीरावर इतरत्र सापडायला हव्यात. शोधणाऱ्याने त्या शोधाव्यात, एवढंच.

मोठ्या आतड्याचा प्लीहेजवळचा बाक हा यातला सगळ्यांत दुबळा भाग. दुसऱ्या रोहिणीचा पुरवठा तिथे संपतो आणि तिसरीचा सुरू होतो. कालव्याच्या शेपटाकडच्या शेताला पाणी जेवढं पोचतं, तेवढंच इथे रक्त पोचतं. पुरवठा घटला की पहिली झळ याच बाकाला लागते, डाव्या कुशीत कळ येते आणि शौचातून रक्त जातं. उलट यकृताला या सगळ्याची फारशी तोशीस लागत नाही. त्याच्याकडे येणारं सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येतं, त्यामुळे एखादी रोहिणी आवळली तरी ते तग धरतं. यकृताबद्दल पुढे एक प्रकरण आहे, पण ते मुख्यतः औषधांमुळे.

या आजाराचं सर्वांत परिचित रूप म्हणजे ताकायासू आर्टरायटिस. जपानमधल्या कानाझावा इथले नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ साली २१ वर्षांच्या एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावर, दृष्टिमज्जातंतूच्या तोंडाभोवती पुष्पमाळेसारख्या गुंफलेल्या रक्तवाहिन्यांचं वर्णन केलं. असेच डोळे असलेल्या आणखी रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही, हे त्यांच्याच दोन सहकाऱ्यांनी, ओनिशी आणि कागोशिमा यांनी, लक्षात आणून दिलं. आजाराला नाव मिळालं ते नेत्रतज्ज्ञाचं आणि त्याची ओळख ठरली ‘नाडीहीन आजार’ म्हणून. डोळे आणि हात यांच्या वाटेने जगाला समजलेल्या आजारात पोटाकडे लक्ष जायला वेळ लागला, यात आश्चर्य नाही. जपानी रुग्णांमध्ये दाह प्रामुख्याने महारोहिणीच्या कमानीत, म्हणजे गळा आणि हात यांच्या फांद्यांजवळ दिसतो. चित्र तिथलं, आणि पाठ्यपुस्तकंही त्याच चित्रावर बेतलेली.

भारतातलं चित्र वेगळं आहे, आणि ते पहिल्यांदा नीट मांडणाऱ्यांत मुंबईचा वाटा मोठा आहे. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन, डॉ. जी. बी. परुळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली ‘मिडल एओर्टिक सिंड्रोम’ या नावाने ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये एक लेख लिहिला. छातीचा खालचा भाग आणि पोट इथली महारोहिणीच अरुंद झालेली, मूत्रपिंडांना रक्त कमी, आणि त्यापायी कोवळ्या वयात भयंकर वाढलेला रक्तदाब. पुढे १९७३ साली याच गटाने १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. सेन यांचं नाव आज निघतं ते १९६८ साली केईएममध्ये झालेल्या भारतातल्या पहिल्या हृदयप्रत्यारोपणामुळे. मला विचाराल तर त्यांचं हे दुसरं काम अधिक टिकाऊ. त्या प्रत्यारोपणाचा रुग्ण काही तासच जगला, पण महारोहिणीच्या दाहाकडे मानेऐवजी पोटाच्या बाजूने पाहण्याची नजर त्या १०१ रुग्णांनी दिली. १९९४ साली नुमानो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या वर्गीकरणात फक्त पोटातल्या महारोहिणीच्या आजाराला चौथा प्रकार आणि वरपासून खालपर्यंत पसरलेल्याला पाचवा प्रकार असं स्वतंत्र स्थान मिळालं. भारतीय रुग्णांत हे दोन प्रकार ठळकपणे आढळतात. शिवाय जपानच्या मानाने इथे पुरुष रुग्णांचं प्रमाणही जास्त आहे. ‘तरुण बाईचा आजार’ एवढंच डोक्यात ठेवणाऱ्या डॉक्टरच्या हातून हे पुरुष निसटतात.

निदानाचे निकषही असेच हळूहळू पोटाकडे वळले. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने १९९० साली सहा निकष ठरवले, त्यात आतड्याचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. २०२२ साली युरोपियन संस्थेसह केलेल्या नव्या निकषांत मात्र पोटातल्या महारोहिणीबरोबर मूत्रपिंडाच्या किंवा आतड्याच्या रोहिण्याही बाधित असतील तर एकदम ३ गुण दिले आहेत, आणि स्कॅनवर दाहाचा पुरावा असलेल्या साठीच्या आतल्या रुग्णाला ताकायासूच्या गटात धरायला एकूण ५ गुण पुरतात.

आता रुग्णाकडे येतो. त्याची कहाणी ऐकणाऱ्याने घड्याळ डोळ्यांसमोर ठेवावं. जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात, फार तर तासाभरात, बेंबीच्या वरच्या बाजूला खोल कळ सुरू होते. ती एक ते तीन तास टिकते आणि आपली आपण विरते. जेवण भरपेट, तेलातुपाचं असेल तर जास्त. काम वाढलं, रक्त मात्र तेवढंच, म्हणून आतडं कळवळतं. ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या अल्सरमध्ये बहुधा उलट होतं. दोन घास पोटात गेले की बरं वाटतं. इथे घासच वैरी होतो. मग माणूस स्वतःच उपाय शोधतो. दोन भाकऱ्यांची एक होते, एकीची अर्धी, मग नुसती पेज. भूक असते, पण जेवणाचा धसका घेतलेला असतो. वजन उतरतं ते मुख्यतः या कमी खाण्याने. अन्न अंगी न लागणं हे कारण दुय्यम. घरातली माणसं मात्र ‘नखरे करते’, ‘कुणाची नजर लागली’, ‘लग्नाचं टेन्शन घेतलंय’ असे अर्थ लावत राहतात. आणि डॉक्टरनेही मानसिक म्हणून चिठ्ठी दिली, की मुलगी गप्प होते. भूक मेल्यामुळे न जेवणारा आणि दुखेल या भीतीने न जेवणारा, या दोघांतला फरक एका प्रश्नाने कळतो. तो प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही.

यंत्रांचीही गोष्ट सांगायला हवी, कारण त्यांच्यावरच आपली भिस्त. तालुक्याच्या गावीही आता पोटाची सोनोग्राफी होते आणि बहुतेकदा अहवाल ‘नॉर्मल’ येतो. तो खोटा नसतो. त्या तपासणीत यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडं पाहिली जातात. रोहिण्यांच्या तोंडाशी रक्त किती वेगाने धावतंय हे पाहायला उपाशीपोटी केलेली डॉपलर तपासणी लागते आणि ती चिठ्ठीवर वेगळी लिहावी लागते. एंडोस्कोपीत कधी जठरात, कधी ड्युओडेनममध्ये ठिकठिकाणी व्रण दिसतात. हेलिकोबॅक्टर नसतो, वेदनाशामक गोळ्यांचा इतिहास नसतो, ॲसिडिटीच्या गोळ्यांनी व्रण भरत नाहीत. असा न भरणारा व्रण दिसला की रक्तपुरवठ्याची शंका यायला हवी. शेवटचा निकाल बहुधा सीटी अँजिओग्राफी देते: भिंत किती जाड, तोंड किती अरुंद, पर्यायी वाटा किती.

त्याआधी करायच्या गोष्टी मात्र फुकट आहेत. दोन्ही मनगटांची नाडी एकाच वेळी पाहावी. दोन्ही हातांचा आणि एका पायाचा रक्तदाब मोजावा. हाताची रोहिणी आवळलेली असेल तर तिथला आकडा खोटा कमी दाखवतो आणि खरा वाढलेला दाब लपून राहतो. पोट दाबून झालं की बेंबीच्या वर स्टेथोस्कोप ठेवून शांतपणे ऐकावं. अरुंद जागेतून धावणाऱ्या रक्ताची सूं सूं तिथे ऐकू येऊ शकते. पोटावरचा स्टेथोस्कोप आपल्याकडे आतड्यांचे आवाज ऐकण्यापुरताच उरला आहे, आणि तेही घाईत.

एकाएकी होणारं संकट वेगळं. पर्यायी वाटांमुळे ताकायासूमध्ये आतडं अचानक सडण्याचे प्रसंग कमी येतात, पण येतात. जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी झालं, किंवा वाढलेला रक्तदाब औषधांनी घाईने खाली ओढला, की कसाबसा चाललेला पुरवठा तुटू शकतो. अशा वेळी रुग्ण वेदनेने तळमळत असतो आणि पोट मात्र हाताला मऊ लागतं. वेदना आणि तपासणी यांचा हा बेमेळ हीच धोक्याची घंटा. पोट कडक होण्याची वाट पाहिली, तर तोवर आतडं हातचं गेलेलं असतं. हिशेब तासांचा असतो.

महारोहिणीचा दाह म्हणजे केवळ ताकायासू नव्हे, आणि सगळ्याच प्रकारांत वाहिनी आवळतेच असंही नाही. उतारवयातल्या, बहुधा वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेल्या पुरुषांत पोटातली महारोहिणी फुगते. अशा फुग्यांपैकी ५ ते १० टक्क्यांत भिंतीभोवती दाहाचं जाड, पांढरट कवच तयार होतं आणि शेजारच्या अवयवांना चिकटतं. त्या शेजाऱ्यांत ड्युओडेनम पहिला. पोट-पाठ दुखणं, वजन उतरणं आणि वाढलेला ईएसआर हे त्रिकूट पाहून कर्करोग शोधला जातो. बेहसेटच्या आजारात महारोहिणीचा फुगवटा आणि आतड्यातले व्रण एकाच माणसात सापडू शकतात. उपदंशाचा दाह पूर्वी फार दिसे, पण तो हृदयाजवळच्या भागात रमतो, म्हणून इथे त्याला जागा दिलेली नाही.

वाट उलटी सुद्धा असते. दूषित अन्नातून आलेला साल्मोनेला आतड्यातून रक्तात उतरतो आणि म्हाताऱ्या, खडबडीत झालेल्या महारोहिणीच्या भिंतीत ठाण मांडतो. ताप, पाठदुखी, आणि पाहता पाहता वाढणारा फुगा. असा फुगा, किंवा आधी बसवलेली कृत्रिम नळी, ड्युओडेनमच्या भिंतीला घासत राहिली तर दोन्हींच्या मध्ये भोक पडतं. पहिला रक्तस्राव बऱ्याचदा छोटा असतो: एखादी रक्ताची उलटी, काळं शौच, मग सगळं शांत. ही शांतता काही तासांची किंवा काही दिवसांची असते आणि पुढचा रक्तस्राव जीव घेतो. पोटातल्या महारोहिणीवर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला रक्ताची उलटी झाली, तर ‘थांबली ना आता’ म्हणून घरी पाठवू नये.

दोन दाह हातात हात घालून येतात, तो भाग मला या पुस्तकातला सर्वांत रंजक वाटतो. जपानमध्ये ४७० ताकायासू रुग्णांच्या अभ्यासात ३० जणांना, म्हणजे सुमारे ६.४ टक्क्यांना, अल्सरेटिव्ह कोलायटिसही होता. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात एचएलए-बी५२ हा जनुकीय प्रकार दोन्ही आजारांना जोडणारा दुवा म्हणून पुढे आला. क्रोन्सचा आजारही ताकायासूबरोबर आढळतो. इथे आतडं रक्तावाचून कळवळत नाही, त्याला स्वतःचाच दाह झालेला असतो. रक्त-आव पडणाऱ्या रुग्णाला कोलायटिस असं नाव मिळालं की शोध थांबतो, पण त्याच रुग्णाच्या मानेत दुखत असेल, एका हातात ताकद वाटत नसेल, तर शोध थांबवायला नको. आपल्याकडे यात क्षयाची भर पडते. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरचा क्षय आणि क्रोन्स यांची गल्लत भारतात रोजची आहे. महारोहिणीच्या दाहाचं मूळ क्षयात आहे का, हा वादही इथे दशकानुदशकं चालला आणि त्याचा निर्णायक पुरावा मिळालेला नाही. क्षय असेल तर तो सिद्ध करून बरा करावा लागतो, कारण पुढची औषधं प्रतिकारशक्ती दाबणारी. पण ‘बघू तरी’ म्हणून सुरू केलेला सहा महिन्यांचा कोर्स या रुग्णांचा मौल्यवान काळ खाऊन टाकतो.

औषधांची प्रकरणं मी मुद्दाम लांबवली आहेत. दाह शमवायला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागतंच, सोबत मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिन, आणि गरज पडली तर इन्फ्लिक्सिमॅब, टोसिलिझुमॅब अशी महागडी इंजेक्शनं. यातली काही यकृताला त्रास देतात, आणि स्टेरॉइडच्या जोडीला वेदनाशामक किंवा ॲस्पिरिन असेल तर जठरात व्रण पडतात. इन्फ्लिक्सिमॅब महारोहिणीच्या दाहावरही चालतं आणि आतड्याच्या दाहावरही, त्यामुळे दोन्ही असतील तिथे त्याचा विचार आधी होतो. आवळलेली वाट मोकळी करायला बलून, स्टेंट किंवा बायपास हे उपाय आहेत, पण दाह धगधगत असताना केले तर वाट पुन्हा बंद होण्याची शक्यता वाढते. म्हणून आतडं धोक्यात नसेल तर आधी आग विझवायची, मग दुरुस्ती. आतड्याचा रक्तपुरवठा पुन्हा सुरू झाल्यावर ताटात काय आणि किती वाढायचं, हेही वेगळ्या प्रकरणात दिलं आहे; महिनोन्महिने अर्धपोटी राहिलेल्या माणसाला एकदम पंगतीला बसवणं घातक ठरू शकतं.

टोसिलिझुमॅबचा मात्र इथेच वेगळा उल्लेख करतो. या औषधावर असताना आतड्याला छिद्र पडण्याचा धोका नोंदवलेला आहे, आणि तेच औषध सीआरपी हा दाहाचा आकडा खाली दाबून ठेवतं. स्टेरॉइड वेदना आणि ताप दोन्ही सौम्य करतं. म्हणजे पोटात खरोखर अनर्थ घडत असताना ताप नाही, सीआरपी नॉर्मल, पोट फारसं कडक नाही, असा फसवा कागद हाती येऊ शकतो. तेव्हा ही औषधं चालू असलेल्या रुग्णाचं पोट नव्याने दुखू लागलं, तर इनो पिऊन रात्र काढू नये; त्याच दिवशी रुग्णालय गाठावं, औषधांची यादी सोबत न्यावी आणि रक्ताचे अहवाल चांगले आले तरी पोटाच्या सीटीबद्दल विचारावं.